शिपायाचा हक्क आणि मदतनिसाची मजुरी

अलीशाचा सेवक गेहजी नामान सेनापतीच्या मागें धांवत गेला व दोन किक्कार रुपें आणि दोन पोशाख घेऊन आला, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. परंतु नामानानें तें आग्रह करून दिलें, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. देणारा खुशीनें देतो म्हणून घेणारा निर्दोष ठरतो काय?

अमेरिकेंत हा प्रश्न माजी शिपायांच्या पेनशनीविषयीं फार दिवस चालला आहे. तेथील यादवी युद्धांत, 1862 च्या कायद्यानें, पूर्ण निकामी झालेल्या साध्या शिपायास महिना 8 डॉलर मिळूं लागले. अर्ज लिहून देणारे दलाल त्यावर टपून बसतील हें जाणून त्याच कायद्यानें त्यांची फी 5 डॉलर ठरविली; 1864 त ती 10 झाली. मध्यंतरीं फेरफार झाले, तरी 10 डॉलरांची मर्यादा 1988 पर्यंत टिकली. तोंपर्यंत त्या रकमेंत कोणी वकील दप्तरहि उघडीना. अणुकिरणांनीं बाधलेल्या शिपायांनीं तक्रार केली, पण 1985 त सर्वोच्च न्यायालयानें मर्यादा कायम ठेविली. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं विरुद्ध मत दिलें कीं, आपला वकील आपण निवडण्याचें स्वातंत्र्य नागरिकास असावें. त्यांत पुष्कळ तथ्य आहे. ज्या रक्षणानें दुबळा एकटाच उरतो, तें कसलें रक्षण?

आतां पहिल्या अर्जाबद्दल फी घेतां येत नाहीं. त्यावर निकाल झाल्यानंतर मात्र मान्यताप्राप्त वकिलास ती घेतां येते. थकबाकीच्या शेंकडा 20 पर्यंत ती वाजवी समजतात, एकतृतीयांशाहून अधिक ती गैरवाजवी. पण नियम मोडणारास असलेली फौजदारी शिक्षा 2006 त काढून टाकण्यांत आली. म्हणून मान्यता नसलेल्या कांहीं कंपन्या मासिक वाढीच्या पांचपट रक्कम मागतात, आणि वर म्हणतात, शिपाई राजीखुशीनें सही करतो!

कामकऱ्यास मजुरी मिळावी, हें शास्त्र आम्हांस मान्य आहे. महिनेच्या महिने अपील लढविणाऱ्या वकिलानें उपाशी कां मरावें? परंतु पहिला अर्ज अमेरिकन लीजनसारख्या संस्थांचे शिकलेले लोक फुकट करून देतात. मग कंपनी पुष्कळदां विकते काय, तर शिपायाचें अज्ञान. शेजारचें दार उघडें आहे हें ज्यास कोणी सांगितलें नाहीं, त्याच्या संमतीस आम्ही पुरी संमति म्हणत नाहीं. आपल्या खेड्यांत अर्ज लिहून देणाऱ्या उपदेशकांस हा भेद उमजण्यास अडचण पडूं नये.

अलीकडे तेथील काँग्रेसपुढें दोन तऱ्हांचीं विधेयकें आलीं: एक शिक्षा परत आणणारें, दुसरें ह्या कंपन्यांस मर्यादा घालून परवाना देणारें. आमचा कौल पहिल्यास आहे.