नामदेवांची बाकी

आषाढ सरता सरता संपादकांचे पत्र येते. मजकूर वर्षानुवर्षे तोच, विनंतीचा आणि अगत्याचा. श्रावणात दुसरे पत्र येते, त्यात अगत्य तेवढेच पण तारखेखाली रेघ ओढलेली. आणि गणपती उठले की जे येते त्याला पत्र म्हणण्यात अर्थ नाही, तो निव्वळ तगादा असतो. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या मागे हे चातुर्मासाचे देणे लागले आहे, आणि हा तगादा नसता तर आज आपल्या नावावर आहेत त्यांच्या निम्मीही पाने जमा झाली नसती, हे आमच्यातले कित्येकजण खासगीत कबूल करतील. परंतु या तगाद्याची मुदत ठरलेली असते. अंक बाजारात आला, फराळाचे डबे रिकामे झाले, की संपादक सुखी आणि लेखकही सुखी. ज्या दुसऱ्या तगाद्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे त्याला मुदत नाही, धनकोचे नाव नाही, आणि कितीही फेड केली तरी त्याची पावती कोणी देत नाही.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी या प्रश्नाला बगल दिली आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. मम्मटाने काव्याची प्रयोजने सांगितली ती सहा: यश, द्रव्य, लोकव्यवहाराचे ज्ञान, अमंगळाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद आणि कांतेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश. एखाद्या चोख कारभाऱ्याने जमाखर्चाची पाने आखावी तशी ही यादी आहे. पण यश मिळाल्यावरही जो थांबत नाही, आणि द्रव्य कधीच मिळणार नाही हे पुरते उमजूनही जो थांबत नाही, त्याच्यासाठी त्या पानावर रकानाच नाही. रिल्के या जर्मन भाषेतल्या कवीने १९०३ साली पॅरिसहून एका होतकरू तरुणाला जो सल्ला दिला त्याचा आशय असा की रात्रीच्या निवांत प्रहरी आपण आपल्यालाच विचारावे, मला लिहिणे भागच आहे काय? प्रश्न खरा आहे. पण या खटल्यात तो तरुणच फिर्यादी, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश असल्यामुळे निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो.

आमच्या नाशिककरांना या बाबतीत एक घरचे उत्तर उपलब्ध आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'तल्या तिसऱ्या अंकात सीतेचा त्याग केलेला राम पुन्हा पंचवटीत येतो आणि ओळखीची झाडे, ओळखीचा काठ पाहून शोकाने विकल होतो, तेव्हा तमसा नदीच्या तोंडी कवीने जो विचार घातला आहे तो पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यालाही पटावा: जलाशय तुडुंब झाला की पाण्याला वाट करून देणे एवढाच उपाय, आणि दुःखाने भरलेल्या मनाचेही तसेच. गोदावरीवरचे गंगापूरचे धरण मातीचे आहे. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले तर प्रश्न वाया गेलेल्या पाण्याचा राहत नाही, भराव धुपून धरणच वाहून जाण्याचा होतो. म्हणून सांडवा हा पाण्यासाठी नसतो, धरणासाठी असतो. विसर्ग वाढला की गावात लोक दुतोंड्या मारुतीकडे धावतात आणि पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, की गळ्याला, यावरून पुराची प्रतवारी लावतात. कवीने कविता लिहिली नाही तर तो फुटेल, असे जे आपण मानतो ते भवभूतीचेच म्हणणे.

हे उत्तर सुंदर आहे, आणि विलापिकेपुरते खरेही आहे. मात्र पूर ओसरतो. भाद्रपद उलटला की सांडवा कोरडा पडतो आणि मारुतीच्या पायांशी पुन्हा भाजीवाल्या बसतात. मला कुतूहल आहे ते मार्गशीर्षात लिहिणाऱ्याचे, ज्याच्या मनात कसलाही पूर नाही, ज्याचे दुःख जुने होऊन निवले आहे, आणि तरीही जो पहाटे उठून कागद पुढे ओढतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला यासाठीच सर्वांत मोलाचे वाटते. नाशिकजवळ गोदावरीच्याच काठी जलालपूर म्हणून गाव आहे, तेथे १८६८ साली त्या जन्मल्या. वडिलांचे सोवळे असे की बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घरात घ्यावयाची. त्या घरात मुलीच्या अक्षरओळखीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोवळ्या वयात लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी, म्हणजे एका अशा कवीशी की ज्याच्या खिशात पैसा टिकत नसे आणि ज्याचा पाय घरात टिकत नसे. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला, आणि पाचएक वर्षांनी लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वाटेने त्याच धर्मात आल्या. लिहावाचायला नवऱ्याने शिकविले होते खरे, पण जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे सूत जमले नाही. अशा बाईने मराठीतले पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र लिहिले, आणि तेही साठी उलटल्यावर. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली नाशिकलाच त्यांनी देह ठेवला.

हे लेखन सुरू कसे झाले हे मुद्दाम ध्यानात घेण्याजोगे आहे. चिरंजीव देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. मागितली होती एका साक्षीदाराची जबानी. उतरले ते एका संसाराचे अख्खे दप्तर. त्यात भडभडून येणे जवळजवळ नाही. ज्या प्रसंगी दुसऱ्या कोणी पानभर रडून घेतले असते तेथे लक्ष्मीबाई हसतात, आणि ते हसू आपल्याला वाचता वाचता मध्येच बोचते. सांडव्याचा सिद्धान्त येथे लटका पडतो, कारण ही बाई काही ओसंडून वाहत नव्हती. ती हिशेब देत होती.

आणि या पुस्तकाच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती, जिच्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करावयास घेतले होते. 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ साली टिळक गेले. जोडाक्षरांना बिचकणाऱ्या विधवेने ते काव्य पुढे नेले आणि साठांहून अधिक अध्याय रचून पुरे केले. नवऱ्याने टाकलेल्या पायाच्या पाच-सहा पट इमारत बायकोने उभी केली! तिला कोणी सांगितले होते? मंडळींनी आग्रह केला असेल-नसेल. पण आग्रहावर माणूस एक अध्याय लिहितो, फार तर दोन. साठ अध्याय आग्रहावर होत नाहीत.

येथे मला तुकोबांची आठवण होते, आणि ती केवळ ओवी-अभंगाच्या नात्याने नव्हे, कारण टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापर्यंत आलो. तुकोबा लिहू का लागले? दुष्काळ, दिवाळे, बायकोचा भूकबळी, अशी कारणे चरित्रकार देतात आणि ती खोटी नाहीत. पण तुकोबांनी स्वतः एका अभंगात दिलेले कारण निराळेच आहे. स्वप्नात नामदेव आले, बरोबर पांडुरंग होते. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा झाला नव्हता. राहिलेली संख्या तू पुरी कर, असे त्यांनी बजावले. वाण्याचा व्यवसाय केलेल्या तुकोबांना आपल्या कवित्वाचा उगम असा दिसावा, की कोणा पूर्वीच्या माणसाच्या खात्यावरील बाकी आपल्या नावे वर्ग झाली आहे, यात मला साहित्यशास्त्राच्या साऱ्या ग्रंथांपेक्षा अधिक तथ्य दिसते. बाकी तर कशाची, शतकोटीतून वजा जाता उरेल ती. म्हणजे एका जन्मात फिटणे शक्यच नाही. आणि तेरा दिवस वह्या इंद्रायणीत होत्या ही कथा ज्या निष्ठेने महाराष्ट्र सांगत आला त्यातही हेच गृहीत आहे की त्या वह्या तुकोबांच्या एकट्याच्या नव्हत्या, म्हणून त्या बुडविण्याचा हक्कही कोणाला नव्हता.

लेखकाची निकड त्याच्या अंतरंगातून उगवते असे आपण सवयीने म्हणतो. मी जितकी उदाहरणे पाहतो तितके मला वाटते की ती बाहेरून येते. दुसऱ्या कोणाचा तरी हक्क आपल्यावर आहे आणि तो हक्क सांगणारा स्वतः बोलू शकत नाही, या जाणिवेतून येते. आतले असते ते फक्त तिचे ठाणे.

नाशिकच्या तिळभांडेश्वराच्या गल्लीत गोविंद त्र्यंबक दरेकर राहत. पाय लहानपणीच लुळे पडलेले, शिक्षण बेताचे, गाठीला पैसा नाही. आरंभी ते लावण्या रचीत. शेजारी सावरकर बंधू आले, मित्रमेळा जमू लागला, आणि लावणी रचणाऱ्या आबा दरेकरांचे 'स्वातंत्र्यकवी गोविंद' झाले. ज्याला उंबरठा ओलांडावयास दुसऱ्याच्या खांद्याची गरज, त्याची पदे गावोगाव पायी हिंडली. ती छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. (मित्रांचा दिवाळी अंक त्याच वर्षीचा. एकाच वर्षी मराठी लेखणीला फराळही मिळाला आणि काळे पाणीही.) गोविंद त्यानंतर सोळा वर्षे जगले. आपल्या शब्दांपायी दुसरा माणूस अंदमानात कोलू ओढतो आहे हे जाणून अंथरुणावर पडलेल्या कवीने पुढे लिहावे की गप्प बसावे? गोविंद लिहीत राहिले, आणि १९२६ साली मृत्यू समोर दिसत असता त्यांनी त्या मृत्यूवरच कविता केली. तिच्यात रडगाणे नाही. तिच्यातले शब्द पुढे पु. ल. देशपांड्यांच्या एका नाटकाचे शीर्षक झाले.

तात्यासाहेब शिरवाडकरांविषयी नाशकात इतके बोलले गेले आहे की मी एकाच गोष्टीपाशी थांबतो. ललितगद्य आणि नाटक त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. कविता लिहिली ती मात्र कुसुम नावाच्या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून. सहा भावांत ही एकटी बहीण. कवी टोपणनाव घेतात ते बहुधा फुलाचे, पक्ष्याचे, नाहीतर गावाचे. येथे सहीच्या जागी एक नाते आहे. 'विशाखा' १९४२ साली वि. स. खांडेकरांनी आपल्या खर्चाने छापली, १९८७ सालचे ज्ञानपीठ मिळाले, तरी कविता अखेरपर्यंत कोणाच्या तरी भावाचीच राहिली. याला योगायोग म्हणणारे म्हणोत.

बाबुराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, वाढले मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहावर भडकपणाचा आरोप त्या काळी झाला. आरोप करणाऱ्यांनी आवाजाची उंची मोजली. तो आवाज किती माणसांचा मिळून आहे हे मोजले नाही. आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक! शाळेची पायरी न चढलेला हा माणूस मुंबईत वयात आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचीत अक्षरे शिकला, आणि मग आयुष्यभर गाणी रचीत, गात, खेडोपाडी फिरला. त्यांची किती गाणी कागदावर आली आणि किती ऐकणाऱ्यांच्या ओठांवर राहून गेली याची मोजदाद होणे नाही. अक्षर उशिरा मिळालेल्या माणसाला ते आपल्या एकट्याचे वाटत नाही, एवढेच मला त्यांच्याकडे पाहून म्हणावेसे वाटते.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणणारी एक हकीकत सांगितली पाहिजे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ होते. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, विधुर, मितभाषी. ते रोज पहाटे चार ते सहा कविता लिहीत. चाळीस वर्षांत त्यांची एकही कविता छापून आली नाही आणि त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते वारल्यावर मुलांनी मला बोलावून तीन ट्रंका दाखविल्या आणि विचारले, काका, यांचे काय करू? मी आठ दिवस ते कागद वाचले. कविता सुमार होत्या. वृत्ते बिनचूक, कल्पना उसन्या, आणि ओळीमागून ओळ अशी की आधी कोठेतरी वाचल्यासारखी वाटावी. तगादा मात्र अस्सल होता, लक्ष्मीबाईंच्या किंवा गोविंदांच्या तगाद्याहून तसूभरही कमी नाही. म्हणजे निकड ही गुणवत्तेची हमी नव्हे, हे तर झालेच. पण मग हे कोणाचे देणे फेडीत होते? गेलेल्या पत्नीवर एकही कविता मला त्या कागदांत सापडली नाही. मी मुलांना सांगितले, एक ट्रंक ठेवा. कोणती, असे त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

रामकुंडावर गेलो की मी कधीकधी क्षेत्रोपाध्यांच्या ओसरीवर टेकतो. त्यांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात. लांबट, कापडात बांधलेल्या, गावाच्या आणि आडनावाच्या क्रमाने लावलेल्या. यात्रेकरू आला की त्याच्या घराण्याचे पान निघते आणि त्याने आपल्या हाताने त्यावर लिहावयाचे: मी अमुक, तमुकाचा मुलगा, या कामासाठी आलो. मागे एकदा साताऱ्याकडचा एक शेतकरी वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. त्याच्या पानावर पणज्याची मोडीतली सही होती, आजाचे नाव होते, बापाचा अंगठा होता. त्याने टाक घेतला, सावकाश, एकेक काना ओढीत आपले नाव घातले, बापाचे घातले, गाव घातले. उपाध्ये वही मिटावयास हात पुढे करणार तो याचा टाक कागदावरच.

"आनखी काय लिवू, महाराज?"

"झालं की, पाटील. हवं तर घरी कोण कोण आहेत ते लिहा."

त्याने हात धोतराला पुसला आणि पुन्हा वहीवर वाकला. पायरीवर दुसरी दोन कुटुंबे ताटकळत उभी होती. मी निघालो तेव्हा तो थोरल्या मुलीच्या नावापर्यंत आला होता.