साच्याचे दान आणि संकल्प

आपोआप चालणारी व्यवस्था दुसऱ्याच्या हाती दिली, तर तिच्याकडून घडणाऱ्या कृतीचा कर्ता कोण, हा कर्मविचारातला प्रश्न आहे. ऑनलाइन डेटाबेसचा साचा ग्राहकाला देताना हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो.

तारकर्लीतल्या एका निवास-न्याहारी घरासाठी असा साचा केला, असे समजू. त्यात पाहुणे, खोल्या आणि आगाऊ रक्कम यांचे तक्ते आहेत. नोंद झाली की पाहुण्याला ईमेल जातो. येण्याच्या आदल्या दिवशी मासळीचे जेवण हवे की शाकाहारी, अशी विचारणा होते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची माहिती जाते. हाच साचा देवबागच्या दुसऱ्या अशाच घराला दिला की तक्ते जसेच्या तसे पोचतात, पण काम थांबते. एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेस सेवेत बेसची, म्हणजे तक्त्यांच्या संचाची, नक्कल केल्यावर ऑटोमेशन्स, म्हणजे आपोआप चालणारी कामे, बंद अवस्थेत येतात. गूगल शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट ही आज्ञावली नकलेसोबत जाते. ठरल्या वेळी ती चालवणारे ट्रिगर मात्र नव्या मालकाला परवानगी देऊन पुन्हा बसवावे लागतात.

वरवर दोष वाटणाऱ्या या थांबण्याला अर्थ आहे. गणेश चतुर्थीला भटजी घरोघरी एकाच पोथीने पूजा सांगतात. तरी प्रत्येक घरी देशकालाचा उच्चार करून त्या यजमानाच्या नावा-गोत्राने नवा संकल्प सोडावा लागतो. विधी तोच राहतो, पण कर्म ज्याचा संकल्प त्याचे. ऑटोमेशनला दिलेली परवानगी हे संकल्पाचेच काम करते. साचा देणाऱ्याच्या खात्यावरच ती चालू ठेवली, तर देवबागच्या पाहुण्याला तारकर्लीच्या नावाने पत्र जाईल.

धर्मशास्त्रानुसार दात्याचे स्वत्व सुटून घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण झाल्यावरच दान पुरे होते. विद्येचे तसे नाही. ती देऊनही देणाऱ्याजवळ राहते. साच्याची रचना विद्येसारखी आहे, म्हणून ती मोकळेपणाने द्यावी. पाहुण्यांची नावे आणि फोन नंबर मात्र निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव आहेत. ती सांभाळणारा तिचा मालक नसतो, म्हणून ती दानात देता येत नाही. व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशी बांधणारा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच दिशेचा आहे.

यावरून देण्याची रीत ठरते. नक्कल करताना जुन्या नोंदी वगळाव्यात. घराचे नाव, ईमेल, खोली देण्याची वेळ असे बदलणारे तपशील एका वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, म्हणजे ऑटोमेशनच्या पायऱ्यांना हात लावावा लागत नाही. प्रत्येक ऑटोमेशन कशाने सुरू होते आणि काय करते, हे साध्या मराठीत लिहून द्यावे. ग्राहकाने स्वतःचे खाते जोडावे, एक खोटी नोंद करून स्वतःलाच ईमेल पाठवून पाहावा आणि मगच ऑटोमेशन चालू करावे. देणाऱ्याने त्यानंतर आपला प्रवेश काढून घ्यावा.

चालू केल्यावरही कर्तेपण संपत नाही. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद असते, हे यंत्राला कळत नाही. ते माहिती पाठवतच राहते. यंत्राला इच्छा नाही, म्हणून त्याला दोषही लागत नाही. तो संदेश वेळीच थांबवण्याची जबाबदारी ज्याने परवानगी दिली त्याची, म्हणजे आता देवबागच्या मालकाची असते.