दोष कोणाचा?



लग्नास आठ-दहा वर्षे होऊनही ज्या घरी पाळणा हलला नाही, त्या घरच्या सुनेस आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत काय ऐकावे लागते हे सर्वांस ठाऊक आहे. मंडळीतही बाप्तिस्म्याच्या जेवणाचे बोलावणे तिला जात नाही. दोष तिचाच, असे आपण धरून चालतो.

आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहा. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. २३ आईकडून येतात, २३ बापाकडून. काही स्त्रीपुरुषांत एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्यास जडलेला असतो. त्यात उणे काही झालेले नसते, म्हणून तो मनुष्य धडधाकट असतो, शेतात राबतो. परंतु बीज तयार होताना वाटणी विषम झाली, तर गर्भ राहत नाही, किंवा राहून पडतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या प्रयत्नाने १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तेव्हापासून अपत्यासाठी उपचार घेणारी जोडपी वाढली आहेत. वारंवार गर्भ पडत असल्यास वैद्य नवरा-बायको दोघांचेही रक्त तपासून गुणसूत्रे पाहतात.

असाच एक कागद एका कुटुंबाने मजकडून वाचवून घेतला. फरक नवऱ्याच्या गुणसूत्रांत होता. सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझ्या लेकाने कोणते पाप केले?" मुलाने मान खाली घातली. मीही घातली, कारण पूर्वी त्याच्या बायकोस, "बाई, काही गुप्त पाप असेल तर आठवून पाहा," असे मीच सांगितले होते.

बंधुभगिनींनो, सुनेच्या डोक्यावरचे ओझे उचलून लेकाच्या डोक्यावर ठेवणे हा न्याय नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी प्रभूस हेच विचारले होते, आणि पाप त्याचे नव्हे, त्याच्या आईबापांचेही नव्हे, असे उत्तर त्यांस मिळाले. आपल्या भाषेत 'दोष' हा शब्द वैद्यही वापरतो व न्यायाधीशही. आपण वैद्याचा शब्द ऐकतो आणि न्यायाधीशाचा निकाल देतो. लूक स्वतः वैद्य होता. जखऱ्या व अलीशिबा ह्यांस त्याने प्रथम निर्दोष म्हटले, आणि मग ती निपुत्रिक होती असे लिहिले. ह्या दोन गोष्टी त्यास परस्परविरुद्ध वाटल्या नाहीत.

अशा जोडप्यास निरोगी मूल होतच नाही असे नाही. उपचाराने ते होईलच असेही नाही. उपदेशकांनी नवस व अंगारा ह्यांपासून त्यांस परावृत्त करावे, आणि वैद्याकडे दोघांसही पाठवावे, एकटीस नव्हे. मूल होवो वा न होवो, मंडळीच्या पंगतीत त्यांचे पान मांडलेले असावे. मी त्या बाईची क्षमा मागितली आहे. ज्या कोणास मागावयाची असेल त्याने पुढच्या प्रभुभोजनापूर्वी मागावी.