जावळाचा काठ

दुधनेच्या काठाला, सेलू तालुक्यातल्या एका गावात, दिवाळी सरली की जिंतूरच्या डोंगराकडून मेंढरांचा वाडा उतरायचा. सोयाबीन निघालेलं, रानं मोकळी. ज्याच्या रानात मेंढरं रात्री बसतील त्याला लेंडीखत, बदल्यात मेंढक्याला धान्य नाहीतर पैसे. जुना व्यवहार.

गावातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या डोक्यात त्या वर्षी मेंढरं शिरली. नांगरट ट्रॅक्टरनं व्हायला लागल्यापासून बैल नुसते दावणीला उभे होते. त्यानं जोडी विकली आणि पैसे खिशात घालून वाड्यावर गेला.

“मामा, वीस मेंढ्या अन् एक मेंढा द्या.”

म्हातारा मेंढका वाघरीची तुटलेली गाठ मारत होता. “वीसच कामून?”

“सरकारच्या महामेष योजनेत तेवढाच गट असतो. वीस अन् एक.”

“हिशेब चुकीचा नाही. वीस-पंचवीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. पण तो गट धनगराच्या पोराला मिळतो. त्याचा हात मेंढरातच वाढलेला असतो. तुझा कुठं वाढला?”

तरुण हसला. “करून तर बघू, मामा. बनी तो बनी, नहीं तो परभणी!”

“तू जाशील रे परभणीला. मेंढरं कुठं जातील?”

बरीच घासाघीस झाली, पण भावाची नव्हे, आकड्याची. म्हातारा पाचाच्या वर जाईना. शेवटी तरुणानं पाच गुबगुबीत मेंढ्यांकडं बोट केलं. म्हाताऱ्यानं त्यातल्या दोन परत ढकलल्या. एकीचे दात झिजलेले होते, दुसरीचा खूर वाढून वाकडा झालेला. त्यांच्या जागी दोन किडकिडीत आणून दिल्या. “अंगावर जाऊ नको. अंग चाऱ्यानं येतं. दात बघ, कास बघ, खूर बघ. पाचही गाभण आहेत. मेंढा घेऊ नको. दिवाळीला माझा मेंढा येतोच आहे. अन् ठेवलास तर दोन वर्षांनी बदलावा लागेल, नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जाईल.”

“अन् बाकीच्या पंधरा?”

“तुझ्याच मेंढरांच्या लोकरीची एक घोंगडी कर. ती घेऊन ये, मग बोलू.”

खरं तर आता लोकरीला विचारतं कोण? बऱ्याचदा कातरणाऱ्याची मजुरीच लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. कळप चालतो तो मटणावर. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो जाडीभरडी काळी लोकर देते, आणि घोंगडीला दोन-अडीच किलो तरी लागते. म्हाताऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्यानं हे माप दिलं होतं.

गावानं थट्टा केली. पाच मेंढरांना कुणी खांड म्हणतं का? माघात पाच कोकरं झाली. तुरीचं भुसकट आणि बाभळीच्या शेंगा खाऊन मेंढ्या अंगानं भरल्या. पावसाच्या तोंडावर पहिली कातरणी झाली. कोकरांच्या पहिल्या लोकरीला जावळ म्हणतात. हाताला लागलं तर वाटतं, ही त्याच काळ्या मेंढरांची लोकर नव्हेच. ते त्यानं वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यायची राहिली. पाच मेंढरांसाठी दवाखान्यात कुठं जायचं, असं त्याच्या मनात आलं होतं.

मृगाचा पाऊस झाला. बांध हिरवे झाले. त्यानं सकाळीच मेंढरं कोवळ्या गवतावर सोडली आणि ती कशी चवीनं खातायत ते बघत बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यात गुबगुबीत कोकरू ताठून पडलं होतं. पुढं काळ्या मातीच्या चिखलात दोन मेंढ्यांचे खूर सडले. त्याचा पावसाळा जखमा धुण्यातच गेला.

दिवाळीनंतर वाडा आला, तेव्हा तो मान खाली घालून गेला.

“कोणतं मेलं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“सगळ्यात दांडगं.”

“तेच मरतं. जंतू पोटात आधीचेच असतात. आधाशी कोकरू कोवळा चारा भसाभसा खातं, मग त्या जंतूंचं विष होतं. पावसाळ्यात आम्ही मुरमाड डोंगरावर उगीच नाही जात.” म्हातारा थोडा वेळ गप्प राहिला. “पाचांतलं एक गेलं तर माणूस शिकतो. विसांतली दहा गेली तर माणूस उरलेली विकतो. तुझ्या हाताला मेंढरं कळायच्या आत तुझा कळप वाढू नये, एवढंच मी बघितलं.”

तरुणानं मेंढा लावून घेतला आणि घरी आला. त्या उन्हाळ्यात मेंढरं बसायच्या जागी मुरूम टाकून उंच ओटा केला. पावसाआधी एकूण एक मेंढराला लस टोचली. पाऊस पडल्यावर आधी पोटभर भुसकट, मगच बांधावर, तेही थोडा वेळ. आखाडात दोन नर विकले. त्या पैशांतून दवापाणी निघालं. लोकरीचं पोतं मात्र विकलं नाही. घोंगडी विणणारा सनगर शोधायला त्याला दोन तालुके पालथे घालावे लागले. पिंजताना बराच कचरा गेला. सनगरानं चिंचोक्याची खळ देऊन, खड्ड्यातल्या मागावर ती विणली.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यानं घोंगडी म्हाताऱ्याच्या पुढं ठेवली. म्हाताऱ्यानं ती उलगडली, खरखरीत अंगावरून तळवा फिरवला. हात एका काठाशी थांबला. तेवढाच भाग मऊ होता.

“हे जावळ?”

“पाच कोकरांचं आहे. त्या मेलेल्याचंही त्यातच आहे.”

म्हातारा काही बोलला नाही. त्यानं उठून वाघरीचं एक टोक सोडलं. आत काळी मेंढरं दाटीनं उभी होती, पुढंच दोन-तीन चांगली गोलमटोल. तरुण त्यांच्या मधून वाट काढत मागं कडेला उभ्या असलेल्या एका साध्या मेंढीपाशी गेला, खाली बसला आणि तिचा पुढचा पाय उचलून खूर बघू लागला.