कोंबडीची मान

आमच्या परसात पाच कोंबड्या होत्या. त्यांतील एक तलंग एप्रिलमधल्या एका सकाळी खुराड्यातून बाहेर आली ती झोकांड्या खातच. मान अशी पिरगळलेली, की चोच थेट आभाळाकडे. समोर दाणे टाकले तरी तिला ते टिपता येईनात. आईने तिथल्या तिथे निदान केले, "शेजाऱ्यानं काल वांग्यांवर औषध मारलंय ना, त्याचंच हे." तिला पुरावा नको होता. महिन्यापूर्वी आमच्या कोंबड्यांनी त्यांचा मेथीचा वाफा उकरला होता आणि कुंपणावरून चार शब्द झाले होते. आता आणखी आठ झाले. त्यांतले दोन माझे होते, हे आधीच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी तलंग मेली, तिसऱ्या दिवशी आणखी दोन. शेवटी मेलेली एक कोंबडी पिशवीत घालून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ती चिरली, जठराच्या आतले रक्ताचे बारीक ठिपके दाखवले, विष्ठा हिरवट होती का ते विचारले आणि म्हणाले, "मानमोडी. लस कधी दिली होती?"

मी गप्प राहिलो.

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. १९२६ साली तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे ओळखला गेला. आपल्याकडे कुमाऊंमधल्या राणीखेतला आढळला म्हणून त्याला हे नाव पडले. रोग विषाणूचा; जडल्यावर त्यावर औषध नाही. आधी लस तेवढी देता येते. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब घालायचा आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाले की दुसरी लस टोचायची. आम्ही दोन्ही दिल्या नव्हत्या. गावठी कोंबडीला काय होतंय, ही आमची पिढीजात समजूत.

काही बिघडले की आपण 'कोणी केले?' असेच का विचारतो? संत ऑगस्टिन यांनाही या प्रश्नाने बराच काळ छळले. तरुणपणी ते सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होते. वाईट ही चांगल्याशी झुंजणारी एक खरीखुरी शक्ती आहे, असे तो पंथ मानी. पुढे हिप्पोचे, म्हणजे आजच्या अल्जिरियातल्या एका शहराचे, बिशप असताना ४२१ च्या सुमारास त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात उदाहरण घेतले ते प्राण्यांच्या शरीराचेच. रोग म्हणजे शरीरात राहणारी आणि बरे वाटल्यावर दुसरीकडे मुक्कामाला जाणारी वस्तू नव्हे. रोग म्हणजे आरोग्य नसणे. तसेच वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव.

हे मला सहजासहजी पटले नाही. ज्याचे घर फोडले गेले आहे, त्याला चोर म्हणजे चांगुलपणाचा अभाव असे सांगून पाहा! शिवाय विषाणू हा काही अभाव नव्हे, तो बाहेरून येतो. माझे मन थोडे वळले ते कोंबड्यांच्याच दुसऱ्या एका हकिकतीने.

१८८६ साली डच सरकारने काही डॉक्टरांना जावा बेटावर बेरीबेरीचा शोध घ्यायला पाठवले. या रोगाने सैनिकांच्या आणि कैद्यांच्या पायांतली शक्ती जाई, पुढे हृदय थांबे. तो काळ पाश्चर आणि कॉक यांचा. प्रत्येक रोगामागे जंतू असणारच, अशी खात्री होती. त्या डॉक्टरांपैकी ख्रिस्तियान आयकमान मागे राहिले आणि बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, कोंबड्यांवर प्रयोग करू लागले. कोंबड्या लुळ्या पडल्या खऱ्या, पण ज्यांना काहीच टोचले नव्हते त्याही पडल्या. आणि काही महिन्यांनी, कोणताही उपचार न करता, बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. प्रयोगशाळेचा माणूस काटकसर म्हणून त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात घालत होता. मग स्वयंपाकी बदलला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही, असे नव्याने बजावले. कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि उभ्या राहिल्या. (सरकारी नियमाचा असा उपयोग क्वचितच ऐकायला मिळतो.)

एवढे कळूनही आयकमान म्हणत राहिले की भातात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. गुन्हेगार हवाच होता. १९०१ साली त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी सांगितले की भातात वाईट काहीच नाही. कोंड्याबरोबर जे निघून जाते त्याच्यावाचून कोंबडी जगू शकत नाही. १९२६ मध्ये त्याच शहरात ते द्रव्य कोंड्यातून वेगळे काढले गेले. आज आपण त्याला 'बी-वन' जीवनसत्त्व म्हणतो. आयकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की त्या द्रव्याविना खंगणाऱ्या कोंबडीची मानही मागे वळते आणि चोच आभाळाकडे लागते. वरवर पाहणाऱ्याला ती आमच्या तलंगेसारखीच दिसेल.

पण अभावाला कारण म्हटले की नवीच अडचण उभी राहते. आमच्या कोंबड्यांना मी लस दिली नव्हती, तशी आमच्या फादरांनीही दिली नव्हती, आणि पोस्टमननेही नाही. न केलेल्या गोष्टींना अंत नसतो. मग दोष माझाच का? माझ्या मते एवढ्याचसाठी, की अंडी मी खात होतो. ज्याच्या हाती एखादी गोष्ट सोपवलेली असते, त्याचेच न करणे मोजले जाते. मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला, करायचे राहून गेले त्याचाही उल्लेख असतो. तो शब्द मी आयुष्यभर घाईघाईने म्हणत आलो.

कारण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. डॉक्टरांनी निघताना बजावले होते, "आजूबाजूला कळवा, हा झपाट्यानं पसरतो." मी घरी आलो, चुना आणून खुराड्यात टाकला, मेलेल्या कोंबड्या पुरल्या. शेजाऱ्यांना मात्र कळवले नाही. बोलणे बंद होते; आणि कळवायचे तर आधी विषाचे बोलणे मागे घ्यावे लागले असते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सातही कोंबड्या गेल्या. वाईट वागलो असे त्या आठवड्यात मला एकदाही वाटले नाही, कारण मी काहीच केले नव्हते.

मे महिन्यात त्यांच्या ओट्यावर जाऊन मी हे सगळे सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "कोंबड्या वाचल्या असत्या की नाही, देव जाणे. पण तू नुसती हाक मारली असतीस तरी मी खुराडं बंद ठेवलं असतं."

पावसाळा सरल्यावर आम्ही दहा पिल्ले आणली. लासोटाची कुपी निदान शंभर पिल्लांची येते आणि एकदा विरघळवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. माझ्या हातातली कुपी पाहून आई कुंपणापाशी गेली आणि वर्षभरात पहिल्यांदा पलीकडे ओरडली, "अहो, तुमची पिल्लं घेऊन या लवकर, औषध फुकट चाललंय!"