परसबाग आणि फलाशा

माघ अर्धा सरला, पहाटेचा गारठा ओसरूं लागला, कीं आम्ही एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन मागल्या पडवींत बसतों. वसंत लागण्यापूर्वीं उन्हाळी भाज्यांचें बीं जमिनींत पडलें पाहिजे, आणि त्याच्याहि आधीं तें कोठें व किती पडावें याचा बेत कागदावर उतरला पाहिजे, असा आमच्या घरचा जुना क्रम आहे. वाफ्यांच्या रेघा आखाव्या. भेंडी येथें, गवार तेथें, दुधी आणि दोडका भिंतीलगतच्या मांडवावर, अळूं मोरीच्या पाण्यावर, असें लिहीत जावें. गेल्या वर्षीं जेथें वांगीं होतीं तेथें यंदा टोमॅटो किंवा मिरची नको, कारण हीं तिन्ही एकाच कुळांतलीं, एकाचा रोग दुसऱ्यास लागतो, अशी समासांत टीप करावी. या उद्योगांत दुपार कशी निघून जाते, हें कळत नाहीं.

यंदा असे बसलों असतां आमचे एक सहाध्यापक मित्र आले. कागद पाहून ते हंसले व म्हणाले, "काय हो, वर्गांत निष्काम कर्मावर तास तास बोलतां, आणि घरीं बीं पेरण्यापूर्वींच भेंड्या मोजतां?" थट्टाच ती, आम्हींहि हंसून चहा मागविला. परंतु ते गेल्यावर पेन्सिल पुढें सरेना. भाजीचा बेत करणारा मनुष्य तर अक्षरशः फळाची आशा धरून बसलेला असतो. कर्म करावें, पण फळावर हक्क सांगूं नये, ही गीतेची शिकवण ज्याला पटली आहे, त्यानें असा बेत करावा कीं करूं नये?

या प्रश्नाचें एक उत्तर तयार आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गीतारहस्या'चा अभ्यास करणारा कोणताहि विद्यार्थी तें देईल. फळाची आसक्ति सोडणें म्हणजे फळाचा विचार सोडणें नव्हे. कोणत्या कर्मानें कोणतें फळ येतें हें जाणून न घेतां जो कर्म करतो तो निष्काम नव्हे, नुसता आंधळा होय. कडक थंडींत भेंडीचें बीं नीट रुजत नाहीं; हवेंत ऊब आल्यावर, रात्रभर भिजवून पेरलें तर तें लौकर कोंब धरतें; दीडेक महिन्यांत झाड फुलावर येतें. हें ज्ञान आहे, लोभ नव्हे. तेव्हां बेत करण्यास हरकत नाहीं, फक्त मन अलिप्त असावें.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेस एवढें पुरे. आमचें मात्र एवढ्यानें समाधान झालें नाहीं, कारण मन अलिप्त ठेवण्याची वेळ आमच्यावर एकदां येऊन गेली होती, आणि त्या वेळीं आम्ही कसे वागलों तें आम्हांस ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. घरामागची विहीर आमची आणि शेजारच्या तीन बिऱ्हाडांची समाईक आहे. त्या माघांत आम्हीं सहा वाफ्यांचा बेत आखला. कागदावर मावा पडत नाहीं, पानें पिवळीं होत नाहींत, आणि मुख्य म्हणजे कागदावर विहीर आटत नाहीं. चैत्रांत बाग अशी कांहीं बहरली कीं येणारा-जाणारा थांबून पाही. वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला. आम्ही इतरांच्या आधीं, उजाडण्यापूर्वींच, वाफे भिजवूं लागलों. एके सकाळीं शेजारच्या आजींच्या बादलींत पाण्याबरोबर निम्मा गाळ आला. त्यांनीं बादली खालीं ठेवली, भिंतीवरून आमच्या वाफ्यांकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "सर, भेंडी मात्र हिरवीगार आहे हो तुमची." स्वरांत राग नव्हता. आम्ही कांहींतरी पुटपुटून घरांत आलों.

त्या दिवशीं आम्हांस किती युक्तिवाद सुचले! तीन महिन्यांची मेहनत, बियाण्याचा आणि खताचा खर्च, आतां ऐन भरांत झाडें वाळूं देणें म्हणजे सृष्टीचाच अपमान. शिवाय भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते; शेंग झाडावर जून झाली तर तिला दोर सुटतात आणि झाड पुढें फळ धरण्याचें सोडतें; तेव्हां बागेला खंड कसा चालेल? तर्कशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्यास कारणांचा तोटा नसतो. पुढें आठ दिवस आम्ही पाणी घालीत राहिलों. हें लिहितांना लाज वाटते, पण लिहिल्यावांचून पुढील विचार खरा होणार नाहीं.

आमची चूक वैशाखांतली नव्हती, ती माघांतली होती. फळ समोर लोंबत असतां त्याविषयीं न्याय करणें फार थोड्यांस साधतें. तोंवर वासनेला रूप, रंग आणि चव आलेली असते. बुद्धि तिची वकिली करूं लागते. उलट माघांत बीं अजून पुडींत असतें. त्या वेळीं आजींची बादली आणि आमची भेंडी या दोहोंना एकाच तराजूंत घालणें कठीण नसतें. आम्हीं त्या कागदावर जमीन मोजली, ऊन मोजलें, पण पाणी मोजतांना फक्त आपलेंच घर मोजलें.

म्हणून आतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, मित्रांची शंका उलटी आहे. बेत करणें हें फलाशेचें लक्षण नसून, नीट केला तर तोच फलत्यागाचा एकमेव सोयीचा मुहूर्त होय. मन अलिप्त ठेवूं असें ऐन वेळेवर सोंपवून जो बसतो, तो बहुधा स्वतःला फसवितो.

फळ सोडण्याची अशी पूर्वयोजना आमच्या बायाबापड्यांना नवी नाहीं. आमची आई सांगत असे कीं, १९७२ च्या दुष्काळांत परसांतलें सगळें वाळलें, तेव्हां तिनें घेवड्याचें मूठभर बीं राखेंत घोळवून गाडग्यांत बांधून ठेवलें. ती मूठ शिजविली असती तर एका वेळचें कोरड्यास झालें असतें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं देशी वाणांचें बीं असेंच नेमानें जपलें. २०२० सालच्या पद्मश्री सन्मानानें त्यांचें नांव सर्वत्र झालें. आणि या वृत्तीची पराकाष्ठा पाहावयाची तर लेनिनग्राडकडे वळावें. १९४१ च्या सप्टेंबरापासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत त्या शहरास वेढा पडला होता. वाविलोव्ह यांनीं जगभर हिंडून जमविलेलें बियाणें तेथील संस्थेंत होतें. खुद्द वाविलोव्ह १९४३ सालीं सारातोव्हच्या तुरुंगांत मरण पावले. संस्थेंतील कित्येक माणसें उपासमारीनें मेलीं, पण त्यांनीं त्या संग्रहाला हात लावला नाहीं.

या माणसांना फळाची आशा नव्हती असें कोण म्हणेल? आशा होती म्हणूनच बीं राखलें. फरक इतकाच कीं, तें फळ खाणारा दुसरा कोणी असेल हें त्यांनीं आधींच मान्य केलें होतें. आमच्या परसांतली गोष्ट त्या मानानें अगदीं क्षुल्लक. तेथें प्राणांचा प्रश्न नाहीं, आठ दिवसांच्या भाजीचा आहे. पण मोठ्या त्यागाचा पाठ गिरविण्यास आम्हांसारख्यांना एवढीच पाटी मिळायची.

असो. त्या दुपारीं आम्हीं जुना कागद बाजूला सारून नवा घेतला. सहा वाफ्यांचे तीन केले. प्रत्येकापुढें लावणीची तिथि लिहिली, आणि तिच्याखालीं दुसरी एक ओळ लिहिली, जी आजवर कधीं लिहिली नव्हती: विहिरीची चौथी पायरी उघडी पडली कीं काकडी सोडावी, सहावी उघडी पडली कीं गवार, आणि आठवी उघडी पडली कीं भेंडीहि. भेंडीची पहिली उत्तम शेंग मात्र बियाण्यासाठीं दोरा बांधून राखावी. मग तो कागद घेऊन शेजारीं गेलों आणि आजींना वाचून दाखविला. त्यांनीं चष्मा लावून पायऱ्यांचा हिशेब पाहिला आणि म्हणाल्या, "चौथी नको, तिसरीच लिहा. चौथीवर आलें म्हणजे उशीर होतो."

आम्हीं चौथी खोडून तिसरी लिहिली.