मोल आणि आतिथ्य

पैसे देऊन मिळविलेल्या आतिथ्याला आतिथ्य म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां शब्दच्छलाचा वाटतो. परंतु तुर्कस्तानांतील गोरेमे या गांवीं, एका कुटुंबानें चालविलेल्या लहानशा गुहा-हॉटेलांत चार रात्री राहून आल्यापासून तो माझ्या मनांतून जात नाहीं; कारण तेथें मीं केलेल्या एका कृत्याची मला अद्याप लाज वाटते.

कापादोकिया हा प्रदेश ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ दगडाचा. आपल्या अजिंठ्याचा कातळही अग्नीपासूनच जन्मला. पण तो लाव्ह्याचा, म्हणून कठीण, आणि तो कोरण्यास मंत्र्यांचीं व श्रीमंतांचीं दानें लागलीं. तिकडचा दगड साध्या हत्यारानेंही कोरतां येतो व वारा लागल्यावर टणक होतो. त्यामुळें तेथें संन्याशांनीं जशीं प्रार्थनामंदिरें कोरलीं, तशींच शेतकऱ्यांनीं घरें, कोठारें आणि कबुतरखाने कोरले. कबुतरांच्या विष्ठेचें खत द्राक्षमळ्यांना घालीत. १९८५ सालीं गोरेमेचा परिसर जागतिक वारशांत गणला गेला. पुढें प्रवासी वाढले, आणि जुन्या कोठारांतून पाहुण्यांचे पलंग आले.

माझी खोली अशीच होती. भिंतीवर हत्याराचे घाव स्पष्ट दिसत. बाहेर ऊन तापलें तरी आंत गारवा असे. मालक, त्याची पत्नी व वृद्ध आई अंगणाच्या पलीकडे राहत. दुसऱ्या रात्रीं मला ताप भरला. म्हातारीनें मसुरीच्या डाळीचें कढत सूप आणलें आणि मला झोंप लागेपर्यंत ती उशाशीं बसून राहिली. निघतांना पाहिलें, तर बिलांत त्याचा उल्लेख नव्हता. मीं कांहीं नोटा तिच्या हातांत कोंबल्या. तिनें त्या टेबलावर ठेवल्या व माझ्याकडे न पाहतां ती आंत निघून गेली.

कोणी म्हणेल, यांत तुमचें काय चुकलें? श्रमाचा मोबदला देणें हा न्यायच आहे. शिवाय संतुष्ट पाहुणा आणखी चार पाहुणे धाडतो. तेव्हां तें सूपही धंद्याचाच भाग नसेल कशावरून? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. 'घरच्यासारखें' या शब्दाआड यजमान आपली हयगय लपवितो आणि पाहुणा फुकट सेवा उकळतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणून ज्याला किंमत आहे त्याची किंमत घासाघीस न करतां द्यावी. ज्यानें ती चुकविली, त्याला देणगी स्वीकारण्याचा अधिकार नाहीं.

परंतु सर्वच गोष्टींना किंमत असते काय? कांटनें १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. जिला किंमत आहे त्या वस्तूच्या जागीं तितक्याच मोलाची दुसरी ठेवतां येते. प्रतिष्ठेच्या जागीं कांहींच ठेवतां येत नाहीं. खोलीला किंमत होती आणि ती मीं दिली होती. उशाशीं बसणाऱ्या म्हातारीच्या जागीं मीं नोटा ठेवूं पाहिल्या, ही माझी चूक.

ज्याच्या येण्याला तिथी नाहीं तो अतिथी, अशी आपल्याकडे या शब्दाची फोड करतात. तुर्कही अवचित आलेल्याला 'तान्री मिसाफिरी', म्हणजे देवाचा पाहुणा, म्हणतात; आणि हा 'मिसाफिर' आपल्या 'मुसाफरा'चाच भाऊ. आपल्याकडे तो वाटसरू राहिला, तिकडे तो पाहुणा झाला. मी तर दिवस ठरवून, खोली राखून गेलों होतों. तेव्हां मी अतिथी कसला? पण ताप तिथी सांगून आला नव्हता. त्या एका रात्रीपुरता मी खराखुरा अतिथी झालों, आणि म्हातारीनें तें माझ्याआधीं ओळखलें.

मग मीं पैसे कां दिले? न्यायबुद्धीनें नव्हे, भीतीनें. कोणाच्या ऋणांत राहणें आपल्याला सोसत नाहीं. पैसे दिले कीं संबंध मिटतो. पण आपल्या पूर्वजांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी मानला, आणि पितृऋण पित्याला परत देऊन नव्हे, तर पुढील पिढी वाढवून फेडावयाचें असें सांगितलें. आतिथ्याचें ऋणही याच जातीचें असावें. तें गोरेमेला पाठवून फिटणार नाहीं. माझ्या दारीं कोणी अवचित, अडलेला असा येईल, तेव्हां त्याच्या उशाशीं मी किती वेळ बसतों, यावरच तें फिटलें कीं नाहीं हें ठरेल.